मामांच्या नावावर अडतीस सेकंद

शुक्रवार, १४ जून १९९१ रोजी मी दुसऱ्या मामांना त्यांच्या पहिल्या भागाचे सातशे पंचाहत्तर रुपये रोख दिले आणि पावतीवर सही घेतली. पहिल्या मामांना त्याच भूमिकेचे भागामागे दोन हजार चारशे मिळत होते. दुसऱ्या मामांनी नोटा दोनदा मोजल्या, आतल्या खिशात ठेवल्या आणि विचारलं, "साहेब, हे दर आठवड्याला?"

"तेरा आठवडे," मी म्हटलं. "पुढचं बाई ठरवतील."

बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. टीव्हीवर दर रविवारी लागणारी आमची विनोदी मालिका त्यांनीच काढली होती आणि मी तिचे हिशेब बघत होतो. मालिकेतला मामा दोन दिवसांसाठी बहिणीकडे राहायला येतो आणि परत जातच नाही, एवढीच गोष्ट. बहीण, तिचा नवरा, त्यांची मुलगी आणि शेजारीण अशी बाकीची चार पात्रं. कंपनीत सगळ्यांना भूमिकेच्याच नावानं हाक मारायची पद्धत होती. त्यामुळे बहिणीच्या नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ शिपायापासून बाईंपर्यंत सगळ्यांचे भावोजी होते आणि बहिणीचं काम करणाऱ्या बाई सगळ्यांच्या ताई.

पहिल्या मामांनी सहा वर्षं ते काम केलं. त्यांचा आवाज दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. प्रत्येक भागात ते दारात येऊन आधी एक मोठी शिंक द्यायचे, मग कपाळाला हात लावून थांबायचे, आणि तेवढ्यावर लोक हसून बेजार व्हायचे. शाळेतली मुलं ती शिंक करून दाखवायची. सहाव्या वर्षाच्या शेवटी त्यांनी पैसे दुप्पट मागितले. बाईंनी हात आखडता घेतला. मामा म्हणाले, "बाई, भांडण नको. मला दुसरीकडे बोलावलंय. तुमचं चांगलं होवो." जाताना मेकअपच्या खोलीत सगळ्यांना भेटले, माझ्याकडे येऊन हिशेब चुकता केला आणि गेले.

दुसरे मामा चपला-बुटांच्या दुकानात एकोणीस वर्षं विक्रेते होते. आमच्याकडे कलाकारांच्या पायांची मापं घ्यायला ते यायचे. बाईंनी एकदा त्यांना पाठमोरं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, इकडे वळा. नाटकात वगैरे काम केलंय का कधी?" दुकानातल्या नोकरांच्या मंडळात त्यांनी दहा-बारा नाटकं केली होती. पहिल्या मामांचे सगळे कोट त्यांच्या अंगाला टाका न घालता बसले. त्यांना निवडण्यामागे ते एक मोठं कारण होतं, हे मी कपड्यांच्या खर्चाच्या आकड्यावरून सांगू शकतो.

दुकानाच्या मालकानं त्यांना तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. एकतीस ऑगस्टपर्यंत जागा राखून ठेवीन, पुढे दुसरा माणूस नेमीन, असं साफ सांगितलं. घरी बायको आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी. बायको शिवणकाम करायची. तिनं फक्त एक अट घातली होती. ती त्यांनी मला हसत सांगितली, "म्हणते, मामा झालात तर झालात, पण घरात शिंकायचं नाही."

इथे आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं. आमच्या मालिकेत ऐकू येणारं हसणं खरं असायचं. दर शनिवारी दुपारी तीन वाजता कंपनीच्या मागच्या लांबट खोलीत नव्वद खुर्च्या मांडायचो. आसपासच्या कचेऱ्यांतले, दुकानांतले, शाळांतले लोक फुकट बोलवायचो. पडद्यावर तयार भाग दाखवायचा, छताला टांगलेल्या चार माइकनी त्यांचं हसणं टेपवर घ्यायचं आणि ते भागाला जोडायचं. मी कोपऱ्यात छोट्या दिव्याखाली स्टॉपवॉच घेऊन बसायचो. माझ्यासमोर एक तक्ता. त्यात पाच पात्रांचे पाच रकाने. हशा सुरू झाला की घड्याळ दाबायचं, थांबला की परत दाबायचं आणि जे पात्र शेवटचं बोललं त्याच्या रकान्यात सेकंद लिहायचे. सोमवारी सकाळी तो तक्ता मेकअपच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागायचा. कलाकार आधी तक्ता बघायचे, मग आरसा.

तक्त्याला खाली बेरीज नसायची. मी एकदा सुचवून पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, "बेरजेला मी पैसे देत नाही, माणसाला देते."

पहिल्या मामांचा आकडा एकशे चाळीसच्या आसपास असायचा. बाकीच्या चौघांचे मिळून सत्तर. दुसऱ्या मामांनी पहिल्या भागात दारात येऊन शिंक दिली. खोलीत कुणीतरी खोकलं. मी घड्याळ दाबायला अंगठा तयार ठेवला होता, तो तसाच राहिला. त्या आठवड्यात त्यांच्या रकान्यात एकूण एकवीस सेकंद आले. सोमवारी ते फळ्यासमोर उभे होते. भावोजी मागून आले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होईल, होईल हो मामा. सुरुवातीला आम्हीसुद्धा असेच होतो. पण शिंकताना जरा जीव लावा. आमचे आधीचे मामा शिंकले की खिडक्या वाजायच्या!"

"ती शिंक त्यांच्या मापाची आहे," दुसरे मामा म्हणाले. "मला बोटांत चावते."

तिसऱ्या भागापासून त्यांनी शिंक सोडून दिली. दारातून येताना ते पायपुसण्यावर पाय पुसायचे, आणि एवढंच. प्रेक्षकांची पत्रं यायला लागली. "आमचे मामा परत द्या." "हे कोण गृहस्थ आणून बसवलेत?" ती पत्रं फाइलला लावायचं काम माझ्याकडे होतं. आठव्या आठवड्यापर्यंत दोनशे अकरा झाली. मामांचा आकडा चाळीसच्या पुढे सरकत नव्हता. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "नवव्या भागानंतरच्या सोमवारी मला दोन्ही मामांचा तुलनात्मक तक्ता द्या. तिसरा माणूस बघून ठेवलाय. यांना तेरा भागांचे पैसे देऊन मोकळं करू."

ही गोष्ट दुसऱ्या मामांच्या कानावर गेलीच. त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. "साहेब, एक विचारू? सोमवारी नक्की काय ते कळेल ना? नाही, म्हणजे ऑगस्ट संपत आलाय. दुकानात परत जायचं तर मला वेळेत कळवायला हवं. आणि नाही जायचं तर... मुलीची फी भरायचीय."

मी म्हटलं, "कळेल."

त्या संध्याकाळी मी तुलनात्मक तक्ता करायला बसलो. हिशेबाची सवय जात नाही. बाईंना नको असली तरी मी स्वतःसाठी खाली बेरीज मारली. पहिल्या मामांच्या काळातल्या भागांची सरासरी दोनशे दहा सेकंद आली. दुसऱ्या मामांचा सातवा भाग घेतला. मामा अडतीस, भावोजी चौऱ्याण्णव, ताई बावन्न, भाची अठ्ठावीस, शेजारीण वीस. बेरीज दोनशे बत्तीस.

मला वाटलं, माझीच चूक. तीनदा बेरीज केली. उभी केली, आडवी तपासली. दोनशे बत्तीसच. लोक पूर्वीपेक्षा जास्त हसत होते. फक्त मामांना हसत नव्हते. आणि सहा वर्षं ज्यांना वीस सेकंदांवर कधी जाता आलं नाही, ते भावोजी चौऱ्याण्णववर पोचले होते. माणूस एवढा एकदम सुधारतो का?

शनिवारी नववा भाग दाखवला. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आधी कधीच केली नव्हती. मी घड्याळावरची नजर काढून पडद्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण सहा वर्षं मी आमची मालिका फक्त ऐकली होती. डोळे काट्यावर, कान आवाजावर. कोणाच्या बोलण्यावर हशा आला ते मला बरोबर कळायचं, पण त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं ते मी पाहतच नव्हतो.

प्रसंग असा होता. भावोजी बायकोला सांगतायत की ऑफिसात साहेबानं आवाज चढवला, तेव्हा मीही टेबलावर मूठ आपटली. मामा एका बुटक्या स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधतायत. भावोजी म्हणाले, "मी सरळ साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवला." मामांची बोटं नाडीवर थांबली. त्यांनी खालून वर भावोजींकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. चेहऱ्यावर थट्टा नाही, अविश्वास नाही. उलट, पूर्ण विश्वास ठेवायची मनापासून तयारी आणि त्यासाठी पडत असलेले कष्ट. आणि मग हळूच मान हलवून ते परत नाडीकडे वळले. खोलीत हशा फुटला. तो पंधरा सेकंद थांबेना. आणि माझा हात सवयीनं भावोजींच्या रकान्याकडे गेला.

लोक गेल्यावर दुसरे मामा मागच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "ते बघणं कुठून आणलंत?"

"कुठलं?"

"स्टुलावरून. भावोजींकडे."

ते हसले. "साहेब, एकोणीस वर्षं तेच केलंय. गिऱ्हाईक येतं, खुर्चीत बसतं आणि म्हणतं, सात नंबर द्या. मी खाली बसून मोजा काढतो. पाऊल नऊ नंबरचं. आता त्याला नऊ म्हणून कसं सांगणार? चार माणसांत अपमान होतो हो. म्हणून वर बघायचं, 'हो साहेब, सातच' म्हणायचं आणि सात आणायला उठायचं. सात घालून झाला की तोच म्हणतो, हा जरा घट्ट आहे. मग नऊ आणायचा आणि सांगायचं, या कंपनीची मापं लहान येतात."

मी त्यांना माझ्या चुकीबद्दल सांगितलं. नऊही आठवड्यांचे तक्ते परत करतो, प्रत्येक हशा चेहरा बघून लिहितो, सोमवारी नवे तक्ते फळ्यावर लावतो, असं म्हणालो. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. ते एकदम सावध झाले.

"फळ्यावर नका लावू."

"अहो, तुमची नोकरी जातेय!"

"ते माझ्याही लक्षात आहे. पण ऐका. भावोजींना जर कळलं की ते हसू माझ्या बघण्यावर येतंय, तर पुढच्या वेळी ते थापा मारताना थांबतील आणि मी बघतोय का ते बघतील. बघितलं की संपलं. मग त्यांचंही हसू गेलं आणि माझंही. त्यांना वाटायला हवं की आपण भारी बोलतोय. तरच ते तसं बोलतात."

"पण बाईंना तर सांगायला हवं."

"बाईंना सांगा. बाईंना सांगितलंच पाहिजे, मला घर आहे," ते म्हणाले. "दार लावून सांगा."

रविवारचा दिवस मी कंपनीतच काढला. सातव्या भागाची टेप लावली आणि चेहऱ्यावरून नवा तक्ता केला. दोनशे बत्तीसपैकी एकशे एकतीस सेकंदांचं हसणं मामांच्या चेहऱ्यावरून सुरू झालेलं होतं.

सोमवारी मी बाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही चुकीचं लिहीत होतात?"

"पहिल्या मामांच्या वेळी चुकत नव्हतं, बाई. ते बोलल्याशिवाय कुणाला हसायला वावच नव्हता. समोरचा बोलायला लागला की ते त्याचं वाक्य मध्येच तोडायचे. हे उलटे आहेत."

"उलटे म्हणजे?"

"हे दुसऱ्याला हसू मिळवून देतात."

बाईंनी टेप लावायला सांगितली. स्टुलावरचा प्रसंग तीनदा मागे घेऊन पाहिला. बाई हसणाऱ्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी मामांची अट सांगितली.

"मग एक गोष्ट त्यांनाही कळू दे," त्या म्हणाल्या. "फळ्यावर अडतीस आणि हातात दोन हजार, असं मला करता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी भावोजी माझ्या दारात उभा राहील. खरा तक्ता लपवायचा तर पैसेही फळ्यावरच्या तक्त्याप्रमाणेच राहतील. काम कायम, पण सातशे पंचाहत्तरच. भावोजीला वाढ द्यावी लागेल, आकडा त्याचा दिसतोय. हा मोठेपणा त्यांना परवडणार आहे का, विचारा."

मी विचारलं. दुसरे मामा म्हणाले, घरी बोलून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोचं उत्तर आणलं. "ती म्हणाली, दुकानात काय गिऱ्हाइकं तुमचं नाव विचारून बूट घेत होती? महिन्याचे तीन हजार शंभर तिथे मिळत नव्हते. घ्या." त्याच दिवशी त्यांनी दुकानात राजीनामा पाठवला. सत्तावीस ऑगस्ट होता.

पुढची चार वर्षं मी खोटे तक्ते केले. खोटे म्हणजे, जुन्या रीतीनं केलेले. बाई सोडून कुणाला काही कळलं नाही. कंपनीत असं पसरलं की मामा स्वस्तात मिळतात म्हणून बाईंनी ठेवलेत. भावोजींचे आठशेचे सोळाशे झाले. दुसऱ्या मामांना दरवर्षी सगळ्यांबरोबर पन्नास वाढायचे. भावोजी माणूस वाईट नव्हते. उलट, दर सोमवारी फळ्यापाशी मामांच्या खांद्यावर हात ठेवून शिकवायचे. "मामा, तुम्ही फार खाली बघता. कॅमेरा वर असतो हो! जरा माझ्याकडे लक्ष द्या, कसं करतो ते."

"तेच करतो," मामा म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी पहिले मामा आले. आधी कळवलं नव्हतं. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले. भाग संपल्यावर माझ्या कोपऱ्याशी थांबले. तक्त्यावर नजर टाकली.

"माझ्या वेळी हा भावोजी इतका चांगला होता?"

"नव्हता," मी म्हटलं.

"मी त्याला कधी एक वाक्य सुखानं पुरं करू दिलं नाही." त्यांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. "आणि हे सेकंद तुम्ही त्याच्या नावावर लिहिता?"

"हो."

"लिहा, लिहा. तसंच लिहा," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. जाताना त्यांना दारात एक खरीखुरी शिंक आली. तिच्यावर बाहेर उभे असलेले आठ-दहा जण मनमुराद हसले.

मला आजही विचारतात, दोघांत चांगले मामा कोणते. पहिल्या मामांसारखी शिंक मी पुन्हा ऐकली नाही आणि त्यांच्याशिवाय ती मालिका मुळात उभीच राहिली नसती. ते घरात आले की घर त्यांचं व्हायचं. दुसरे मामा आले आणि घर घरातल्यांचं झालं. ताईंना प्रथमच एक लकब सापडली, शेजारणीला दोन वाक्यांची चार झाली. पहिल्या मामांच्या काळात मी सांगू शकत होतो की हसू कुठून आलं. दुसऱ्यांच्या वेळी ते शोधावं लागलं. यापुढे मला तुलना करता येत नाही.

मालिका १९९५च्या मार्चअखेर संपली. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मागच्या खोलीत चहापान होतं. बाई दोन शब्द बोलल्या, ताई रडल्या. मग भावोजी उभे राहिले.

"खरं सांगतो," ते म्हणाले, "पहिले मामा होते तोवर मला तोंड उघडायला मिळालं नाही. दुसरे मामा आले आणि बिचाऱ्यांना काही केल्या जमेना! मग काय करता? चार वर्षं हा गाडा मी ओढला. रागावू नका हं, मामा."

सगळे हसले. दुसरे मामा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागले आणि म्हणाले, "अगदी खरं आहे."

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. माझ्याकडे चार वर्षांचे दुसरे, चेहरे बघून केलेले तक्ते होते, टेबलाच्या खणात, तारीखवार. बाईंनी लांबून माझ्याकडे पाहिलं, पण मला थांबवलं नाही. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा साहेब. चहा गार होतोय."

आम्हा दोघांना एकाच चौकात उतरायचं होतं, म्हणून परत जाताना एक टॅक्सी केली. त्यांनीच विषय काढला.

"काय सांगणार होतात?"

"जे खरं आहे ते. आता तर मालिका संपली. आता हसू जायची भीती नाही."

"हसू नाही जाणार. पण उद्यापासून त्याला काम शोधायचंय. 'चार वर्षं मी ओढली' एवढं एक वाक्य घेऊन तो लोकांची दारं ठोठावणार. ते काढून घेऊन मी काय करू? मला कोण विचारणार आहे?"

"तुम्हालाही काम शोधायचंय ना?"

"मला बुटांचं काम येतं," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुढे बोलले, "वाईट वाटलं. नाही वाटलं असं नाही. 'बिचाऱ्यांना' म्हणाला ना, तेव्हा वाटलं."

मे महिन्यात ते दुसऱ्या एका बुटांच्या दुकानात लागले आणि साठीपर्यंत तिथेच होते. मुलगी शिकून नोकरीला लागली. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. भावोजींना पुढे दोन मालिका मिळाल्या, दोन्ही चालल्या नाहीत. ते गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल छापून आलं की मालिका त्यांनी एकट्याच्या खांद्यावर पेलली. बाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळे आता हे लिहून कुणाचं काही जात नाही, आणि माझ्या निवृत्तीला सात महिने आहेत. दोन्ही प्रकारचे तक्ते मी एकत्र बांधून मामांच्या मुलीकडे दिले आहेत.

त्या दिवशी टॅक्सीचे चौतीस रुपये झाले. माझ्याकडे शंभराची नोट होती, ड्रायव्हरकडे मोड नव्हती, म्हणून सगळे मामांनी दिले. माझ्या वाट्याचे सतरा रुपये द्यायचे राहिले आहेत.